नवमीचं कुंकू

मला जांभई आली की माझा उजवा हात आपोआप वर उठतो. लहानपणापासूनचं आहे हे. एरवी त्याला दटावा, गोंजारा, ढिम्म हलायचा नाही. कोपरात मुडपून, अंगठा मुठीत कोंडून पोटाशी बसून राहील. पण मी तोंड उघडलं की हे महाशय हळूहळू छातीपर्यंत येणार, बोटं अर्धवट उलगडणार, आणि जांभई संपली की पुन्हा आपल्या जागी. आई म्हणायची, "बघ, येतं की नाही सगळं? लबाड आहे नुसता. झोपेचं सोंग घेतो."

आई गेल्यापासून मी जांभई दाबते. कारण आता हात उठतो तेव्हा मनगट कुणीतरी धरलंय असं वाटतं. अंगठा नाडीवर, बाकीची बोटं खालून, आई व्यायाम करून घेताना धरायची अगदी तसं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लखनौच्या अमौसी विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि वेळ आली तर ऐकवतेही. पण मनगटाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला जन्माच्या वेळीच इजा झाली. सेरेब्रल पाल्सी. उजवा पाय थोडा ओढत चालतो, तो एक वेळ दिसत नाही. हात मात्र दिसतो. बाबा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, नाशिकहून नोकरीसाठी आलेले. मी लखनौतच वाढले. आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत रोज सकाळी आई चटई टाकायची, सरसोंचं तेल कोमट करायची आणि माझ्या मुठीतून अंगठा बाहेर काढायची. शब्दशः काढायची. खांदा, कोपर, मनगट, एकेक बोट, आणि सगळं झालं की म्हणायची, "परत." मी रडायचे, चावायचे, एकदा तेलाची वाटी लाथेने उडवली होती. आईने फरशी पुसली, नवीन तेल गरम केलं आणि म्हणाली, "परत."

मी आठवीत असताना एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे करा, या वयानंतर मेंदू बदलत नाही, जे मिळायचं ते मिळालं. बाबांनी मान डोलावली. त्या काळी शिकलेली माणसं असंच मानत होती. चटई गुंडाळली गेली. मला कोण आनंद झाला!

पण आई काही ऐकणाऱ्यातली नव्हती. तेल थांबलं, तिचं उजव्या हाताचं खूळ थांबलं नाही. पाण्याचा पेला माझ्या उजव्या बाजूलाच ठेवणार. प्रसाद द्यायचा तर डावा हात पुढे केला की बघणारच नाही, जणू समोर कुणी नाहीच. तीर्थ घेताना माझी मूठ धरून त्यावर पळी रिकामी करायची. पाणी मुठीवरून ओघळून कोपरापर्यंत जायचं, फ्रॉक भिजायचा, आणि मी मूठ चाटून तीर्थ घेतल्याचं समाधान मानायचं. आमच्याकडे सगळं शुभ उजव्या हाताने. मला वाटायचं, हे सोवळं-ओवळं आहे, दुसरं काय असणार! आईशी त्यावरून मी कॉलेजात जायला लागल्यावरही भांडले आहे. "माझा डावा हात काय खरकटा आहे का?" ती म्हणायची, "डाव्याला काही धाड भरलेली नाही. मला उजव्याशी बोलायचंय."

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आई गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि बघता बघता सगळं संपलं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिच्याजवळ बाबा, मी आणि तेलीबागच्या काकू आळीपाळीने बसायचो. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या; काका सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दोघं इथेच राहिली. आमच्या मराठी घरांच्या छोट्याशा गोतावळ्यात कुणाकडे लग्न असो की मयत, काकू पदर खोचून हजर.

आई सवाष्ण गेली, म्हणून काकूंनी सगळं रीतसर केलं. आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या. मग एकेक बाई पुढे येऊन आईला हळद-कुंकू लावायला लागली. शेजारच्या मिश्राभाभी आणि आणखी दोन-तीन इथल्या बायकाही आल्या होत्या. त्यांना नीट ठाऊक नव्हतं काय करायचं, तरी त्यांनी लावलं. शेवटी मी. मी डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. काकूंनी माझं मनगट धरलं.

"डाव्या हातानं नगं गं पोरी."

त्यांनी करंडा माझ्या डाव्या हातापुढून काढून घेतला. माझी उजवी मूठ धरली, कुंकवात टेकवली आणि आईच्या कपाळाकडे नेली. मी इतकी थिजून गेले होते की विरोधही केला नाही. अशा वेळी माझा हात आणखीच आवळतो, मनगट खाली मुडपतं. मूठ कपाळाला लागली आणि घसरली. दोन भुवयांच्या मधून, नाकावरून, शेंड्यापर्यंत. लालभडक, जाड रेघ. मागून कुणीतरी "अरे राम" म्हणालं. मी पुसायला गेले तर एक बाई म्हणाली, आता पुसू नये, कुंकू पुसत नसतात. आणि माझी आई, जी साधी भाजी आणायला निघाली तरी आरशात बघून टिकली नीट मधोमध आहे की नाही हे पाहायची, ती तशी गेली. नाकावर कुंकवाचा ओघळ घेऊन.

ते तोंड मला दिसतं. इतकंच सांगते, फार सजवून सांगत नाही. मेट्रोच्या काचेत दिसतं. भात उकळताना वाफेत दिसतं. एकदा काउंटरवर एक बाई आली, तिची बॅग दुसऱ्याच शहरात गेली होती, बिचारी घामाघूम; भांगातला सिंदूर घामाने कपाळावर उतरून नाकाशी आला होता. ती काय बोलत होती मला एक अक्षर कळेना. मी उठून आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. सहकाऱ्याने विचारलं, "तबीयत ठीक है?" म्हटलं, हो, चक्कर आली.

काकूंवर माझा राग होता. असा की त्यांचा फोन आला की मी बाबांकडे देऊन मोकळी व्हायचे. त्यांना ते कळलं नसेल असं नाही. तरी त्या फोन करायच्या. एकदा बाबा घरी नव्हते, मलाच घ्यावा लागला.

"आमच्या गल्लीत एक डाक्टरीण आलीया. फिजिओची. अशा हाताचंच करती म्हणं. येऊन तर बघ."

"काकू, माझं वय काय आता? चाळिशी उलटली. हाताचं व्हायचं ते होऊन गेलं."

"वयाला काय हुतंय? बघायला काय पैसं पडत्यात?"

मी फटकन काहीतरी बोलणार होते, पण त्याच आठवड्यात बाबांनी नाशिकच्या गुरुजींना फोन लावून विचारलं होतं. वर्षश्राद्ध आटोपलं होतं. आता दोन-तीन महिन्यांनी पितृपक्षात अविधवा नवमी करायची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी असते ती. तिच्या नावाने एक सवाष्ण घरी बोलवायची, पाटावर बसवून पाय धुवायचे, हळद-कुंकू लावायचं, जेवू घालायचं, ओटी भरायची. त्या दिवशी ती सवाष्ण म्हणजे आपली गेलेली बाईच. आणि बाबा म्हणाले, "काकूंनाच सांगितलंय. कुंकू तू लाव."

माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. कुंकू मी लावणार. उजव्या हाताने, एका बोटाने, मधोमध, सरळ. त्या बाईच्या कपाळावर, जिने माझ्या मुठीने आईचं तोंड खराब केलं. आईला नीट कुंकू लावायची ती एकच जागा आता उरली होती. आणि नाही जमलं तर आईचं ते तोंड मला मरेपर्यंत दिसणार, हेही मला तितकंच ठाम वाटत होतं.

म्हणून गेले तेलीबागला.

क्लिनिक एका मिठाईच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. डॉक्टरीण माझ्याहून कितीतरी लहान, जीन्स-कुर्ता, बोलायला फटकळ. म्हणजे आमचं जमणार हे लगेच कळलं. तिने माझा हात उलटसुलट केला, अंगठा हळूच बाहेर काढून पाहिला आणि विचारलं, "बचपन में किसने किया है इस पर काम?"

"मम्मीने. का?"

"जोड़ अकड़े नहीं हैं," ती म्हणाली. सांधे मोकळे होते. इतक्या वर्षांनी असे हात तिने फारसे पाहिले नव्हते. मी खिडकीबाहेर बघत बसले. पहिल्याच दिवशी रडणं मला बरं वाटेना.

मेंदू म्हाताऱ्या वयातही थोडाफार बदलतो, हे तिने मला समजावून सांगितलं. लहानपणाइतका नाही, पण बदलतो. इजा झालेला भाग परत येत नाही, आजूबाजूचा भाग काम शिकतो, पण त्याला कामाला लावावं लागतं. पुन्हा पुन्हा, आणि खऱ्या कामाला. नुसते हात हवेत हलवून नाही. "मग काय करायचंय या हाताने?" तिने विचारलं. लोक म्हणे बटण सांगतात, चहाचा कप सांगतात.

"कुंकू लावायचंय."

"खुद को?"

"नाही. दुसरीला."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, आणि लिहून घेतलं.

मग सुरू झाला छळ. माझा चांगला डावा हात जाड मोज्यात घालून बांधून ठेवायचा आणि उजव्याने राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा. चिमटीत धरणं त्यामानाने लवकर जमलं. सोडणं जमेना. राजमा बोटांत अडकून बसायचा आणि मी वाटीवर हात आपटून घाम गाळायचे. "ज़ोर मत लगाइए," ती म्हणायची. "ज़ोर लगाओगी तो और कसेगा." घरी बाबा समोर बसायचे, चष्मा कपाळावर, आणि कधी मेंदूविषयी वाचलेलं काही सांगू लागायचे. मी म्हणायचे, "बाबा, आत्ता नको, नाहीतर वाटी फेकेन." ते उठून गॅसवर चहा ठेवायचे.

आणि आरसा. आरशाचं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते.

टेबलावर एक आरसा उभा करायचा. उजवा हात त्याच्या मागे लपवायचा, डावा पुढे ठेवायचा, आणि आरशात बघायचं. डाव्या हाताचं प्रतिबिंब उजव्या हाताच्या जागी दिसतं. म्हणजे डाव्याची बोटं उघडली की डोळ्यांना वाटतं उजव्याची उघडली. मेंदूला असं फसवतात, आणि फसता फसता तो शिकतो म्हणे. मी बसले, डाव्या हाताची बोटं पसरली, आरशात पाहिलं.

आईचा हात होता.

मी माझा उजवा हात कधी सरळ पाहिलाच नव्हता, चाळीस वर्षांत. आणि डाव्याकडे कोण बघतं! तो आपला कामाला जुंपलेला. कधी त्याची पेरं जाड झाली, कधी शिरा वर आल्या, कधी करंगळी आत वळली, मला पत्ता नाही. पण तो उजवा होऊन समोर आला तेव्हा मी ओळखला. तीच करंगळी. तेच रुंद, आखूड नख. हाच हात तेल घेऊन यायचा. मी बोटं मिटली, त्याने मिटली. मी उघडली, त्याने उघडली. आणि आरशामागे, जिथे मला दिसत नव्हतं तिथे, माझा खरा हात काहीतरी करत होता.

"हिल रहा है!" डॉक्टरीण ओरडली. "दीदी, अंगूठा हिला!"

मला अंगठ्याचं काही नव्हतं. मी त्या हाताकडे बघत होते.

त्यानंतर मी आरशासाठी जाऊ लागले, खरं सांगायचं तर. ड्यूटी संपली की अमौसीहून ऑटो पकडायचा आणि तेलीबाग गाठायचं. बाकीचे व्यायाम एकदाचे उरकायचे आणि आरसा. कधी मी तो हात नमस्काराला जोडल्यासारखा उभा करायचे, कधी पोळी लाटल्यासारखी हालचाल करायचे, फक्त बघायला. आई लाटताना मनगट असंच फिरवायची. एकदा तर तोंडातून हळूच "आई" निघालं. हिंदी बोलणाऱ्या त्या खोलीत कुणाला ऐकू आलं असेल तर कळलं नसेल.

डॉक्टरीण बावळट नव्हती. काही आठवड्यांनी तिने आरसा कपाटात ठेवून दिला. "बस. अब असली हाथ." मी भांडले. म्हटलं, मला आरशानेच फायदा होतोय, तुम्हीच म्हणालात. ती म्हणाली, "दीदी, आप कुछ और देखती हैं उसमें." मी पाय आपटत जिना उतरले. खाली मिठाईवाल्याच्या काचेतसुद्धा मी डावा हात धरून पाहिला. नुसती गर्दी दिसली, आणि इमरत्या.

पण तिचं बरोबर होतं, हात खरंच सुटत चालला होता. राजमा पडू लागला. मग तिने एका जुन्या फुटबॉलला पेनने डोळे, नाक, भुवया काढल्या आणि म्हणाली, चला, याला लावा. अनामिका सुटी करायची, बाकीची बोटं थोडी वळलेली, मनगट वर. फुटबॉल कुंकवाने माखला. नाकाला लागायचं, डोळ्यात जायचं, मग एके दिवशी मधोमध टेकलं. गोल. दुसऱ्या दिवशीही टेकलं. मी वेड्यासारखी हसले आणि त्या फुटबॉलच्या कपाळावर आणखी लावत सुटले.

"घर पर आँख बंद करके सोचिए भी," तिने सांगितलं. "सोचने से भी दिमाग अभ्यास करता है. पर सही सोचिए. जो दोहराओगी, वही पक्का होगा. ग़लत भी."

मी मेट्रोत बसून डोळे मिटून सोचायचे. करंडा. बोट. कुंकू. कपाळ. इथवर ठीक. मग ते कपाळ फुटबॉलचं राहायचं नाही. आईचं व्हायचं, मनगट मुडपायचं आणि रेघ खाली ओघळायची. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पुन्हा ओघळ. स्टेशनामागून स्टेशन जायचं आणि मी आईचं तोंड माखत राहायचे. डोळे उघडले की समोरच्या बायका माझ्याकडे बघत असायच्या, कारण माझा हात मांडीवर सुटा होऊन हलत असायचा.

नवमी उजाडली. बाबांनी पहाटेच उठून खीर केली होती. वडे मी तळले, डाव्या हाताने; आमसुलाची चटणी बाबांची. इथल्या लोकांना हा दिवस मातृनवमी म्हणून ठाऊक असतो, त्यामुळे आमची कामवाली आपण होऊन अंगण धुऊन गेली. काकू आल्या त्या नेहमीप्रमाणे आवाज करत नाही आल्या. गुपचूप चपला काढल्या, मला म्हणाल्या, "कुठं बसू?" मी पाट दाखवला. त्या बसल्या, हिरवी साडी नेसून.

मी त्यांचे पाय धुतले. पुसले. हळद लावली ती कशीतरी लागली, हळदीचं दिसत नाही फारसं. मग करंडा उघडला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते, हातात डाव तसाच.

मी उजवा हात कुंकवात नेला. अनामिका सुटी झाली. मनगट वर होतं. मला आठवतं, मला आतून असा काही आनंद झाला की येतंय, अगं, येतंय. बोट कपाळाला टेकलं. मधोमध. एक क्षण.

आणि घसरलं. मनगट मुडपलं, बोटं आवळली आणि मूठ त्याच वाटेने खाली गेली. भुवयांमधून, नाकावरून, शेंड्यापर्यंत. तीच रेघ. तशीच जाड. रोज मेट्रोत गिरवलेली, हाताने अगदी बिनचूक काढली.

काकू हलल्या नाहीत. पाटावर हिरव्या साडीत, नाकावर ओघळ घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. फक्त त्यांचे डोळे उघडे होते.

मी किंचाळले असेन. काय बोलले ते मला तुटक आठवतं. "तुम्ही! तुम्ही धरला होता माझा हात! मी डाव्याने लावत होते, नीट लावत होते मी! कोण तुम्ही सांगणाऱ्या? तिचं तोंड तुम्ही तसं केलंत!" बाबा पुढे आले, "अगं, अगं" म्हणत. काकूंनी त्यांना हाताने थांबवलं.

"तुझ्या आईनं सांगितलं हुतं मला."

"काय?"

"दवाखान्यात. तू घरी गेली हुतीस आंघुळीला. म्हणाली, मी गेले की ती डावा हात पुढं करील. करू देऊ नका. उजव्यानंच लावाया लावा, कसं का लागंना. मी म्हटलं, आवो ताई, तोंड खराब हुईल. तर म्हणाली, हुंद्या. मी काय बघायला येनार हाय? नाहीतर ती त्यो हात कायमचा सोडून दील. आनि म्हणाली, कुनीतरी चांगली डाक्टरीण हुडका तिच्यासाठी. ती तुमच्यावर चिडंल, चिडू द्या. वरीसभर चिडलीस की, पोरी. मी काय बोलले का?"

मी खाली बसले. फरशीवर, पाटासमोर.

मला काकूंचं काही वाटलं नाही त्या क्षणी, तो विचार नंतर आला. मला आईचा राग आला. मरताना! मरताना बाईने व्यायाम लावून ठेवला मला! स्वतःचं कपाळ, स्वतःचं शेवटचं तोंड माझ्यापुढे वाटीसारखं ठेवलं आणि म्हणाली, कर. मी सव्वा वर्ष जे तोंड बघून भिंतीला टेकत होते, ते तिने आपण होऊन मागून घेतलं होतं. मला विचारलं नाही. कधीच विचारलं नाही. आणि त्या रागातच ती मला इतकी जवळ आली, इतकी सगळीच्या सगळी, की मी फरशीवर बसून मोठमोठ्याने रडले. आई गेल्यापासून तशी रडलेच नव्हते.

बाबा डाव घेऊन तसेच उभे होते. "मलाही नाही सांगितलं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर मी..."

थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "ऊठ. खीर गार हुतीया." नाकावरचं कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं. कुंकू पुसत नसतात म्हणून नाही. माझ्यासाठी तसंच ठेवलं होतं, आणखी एकदा करून बघायचं असेल तर. मला ते कळलं आणि वाटलं, या दोघींनी मिळून मला वाढवलंय की काय!

मी ओला रुमाल आणला. काकूंचं नाक पुसलं, भुवया पुसल्या, कपाळ कोरडं केलं. त्या सवयीने माझ्या उजव्या हाताकडे बघत होत्या, तो कुंकवात जाईल म्हणून. बाबाही तिकडेच बघत होते.

मी उजवा हात त्यांच्या हनुवटीखाली नेला. तिथे काही ज़ोर लावायचा नव्हता, काही काढायचं नव्हतं. तो उघडला. अंगठा बाजूला झाला आणि तळवा आडवा लागला, त्यांचा चेहरा त्यात आला. काकूंचा श्वास मनगटाला लागत होता, गरम. त्या दिवशी आई गार होती. माझ्या उजव्या हाताने असं कुणाचं तोंड कधी धरलं नव्हतं. एका बाळाचंसुद्धा नाही.

"डोळे मिटा," मी म्हणाले.

"पन तुझी आई म्हणाली हुती..."

"आई म्हणाली होती ते झालं करून. मिटा."

त्यांनी मिटले. मी डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं, आणि जे आईला लावायचं राहून गेलं होतं ते मधोमध, सरळ लावलं.